आवाजाला जागा

वारलेल्या धाकट्या बहिणीचं शेवटचं गाणं ताई मिक्स करत होती. त्यातला ड्रम बहिणीच्या नवऱ्याने वाजवला होता, आणि तो मागे खुर्चीत बसून ऐकत होता. ड्रमचा ठोका पडला की बहिणीचा गाणारा आवाज क्षणभर आपोआप दबेल आणि ठोक्याला जागा मिळेल, अशी जोडणी ताईने केली.

मग तिने ड्रम बंद केला, जोडणीही काढली. तरी आवाज दबतच राहिला, मार चुकवणाऱ्या माणसासारखा.

तिने वळून पाहिलं. तो मांडीवर बोटांनी ठेका धरत होता. आवाज त्याच ठेक्यावर दबत होता.

"तू मारायचास तिला?"

"ताई, बंद करा ते," म्हणत त्याने माईकचा लोखंडी स्टँड उचलला.

गाणं थांबलं. स्पीकरमधून बहीण हळूच म्हणाली, "ताई, खाली वाक."