आठ वाजताचं गाणं

"त्या धांगडधिंग्याच्या गाण्यांनी पोरगी वाया चाललीय," थोरल्या बहिणीने शिंप्याला फोनवर बजावलं. "आधीच आईविना पोर. रविवारी येते आणि तिला माझ्याकडेच घेऊन जाते."

माप घेतल्याशिवाय कापडाला कात्री लावायची नाही, ही शिंप्याची जुनी खोड. त्याने आठवडाभर पोरीवर नजर ठेवली. पोरगी वेळेवर कॉलेजला जात होती, उलटून बोलत नव्हती, न सांगता त्याच्या शर्टांना बटणं लावून ठेवत होती. गाणं मात्र रोज सकाळी आठला, तो अंघोळीला गेला की लागायचं. भिंती हादरायच्या. तो बाहेर आला की बंद.

शनिवारी त्याने मुद्दाम अंघोळ पुढे ढकलली. नऊ वाजले तरी घर चिडीचूप.

"काय गं, आज गाणं नाही?"

"तुम्ही अजून अंघोळीला गेला नाहीत ना."

"त्याचा इथे काय संबंध?"

"मला तर ते गाणं आवडतही नाही, बाबा. पण आई गेल्यापासून तुम्ही आत जाऊन रडता. घर शांत असलं की दोन मिनिटांत तोंड धुऊन बाहेर येता, आणि मग दिवसभर घास उतरत नाही तुमच्या घशाखाली. गाणं मोठ्याने लागलं की मोकळं रडता. त्या दिवशी जेवता तरी."

शिंप्याने टॉवेल खांद्यावर टाकला.

"आत्याला फोन कर. म्हणावं, उद्या यायची गरज नाही," तो म्हणाला. "आणि लाव ते गाणं."