खरबुजाची झोळी

बाबा गेले, तरी त्यांच्या वडिलांपासून राखत आलेलं खरबुजाचं बी आईने यंदाही परसात लावलं. वेल जाळीवर चढला, फळं लोंबायला लागली. फळाच्या भाराने देठ तुटू नये म्हणून त्याला कापडाची झोळी बांधतात. घरात चिंध्या काय कमी होत्या? पण आईने बाबांचा चौकड्यांचा शर्ट काढला, जाळीला टांगला, एक कोवळं फळ आत ठेवून खालून गाठ मारली आणि वरपासून बटणं लावली.

लेक सुट्टीला आली, तेव्हा परसभर गोड वास सुटला होता. शर्ट पोटावर तट्ट ताणला होता, भोवती माश्या घोंघावत होत्या.

"अगं आई, फुटायला आलंय ते! आतल्या आत बीला मोड येतील. आजोबांपासूनचं बी घालवतेस का?" म्हणत लेकीने वरचं बटण सोडलं.

आईने तिचा हात बाजूला केला. बटण पुन्हा लावलं, कॉलर नीट केली.

"राहू दे गं. शेवटच्या दुखण्यात हाच शर्ट कसा खुंटीवर टांगल्यासारखा लोंबायचा. आत्ता कुठे अंग धरलंय ह्यांनी."