साडेतीन तासांचं अंतर

विणकर मारोतरावांचा जावई मुंबईला एका विमानकंपनीत होता. १९५४च्या हिवाळ्यात त्याला कंपनीचा पास मिळाला आणि मारोतरावांची लेक पुष्पलता तान्ह्या मुलीला घेऊन विमानानं माहेरी निघाली.

भर दुपारी मारोतराव आणि अनुसयाबाई नातीचं तोंड पाहायला सोनेगावच्या विमानतळावर हजर होते.

"रेल्वेनं अख्खी रात्र जाते, अन् हे पोरगी साडेतीन तासांत येऊन राहिली!" मारोतराव भेटेल त्याला सांगत होते.

विमान उतरलं. पुष्पलता हसत शिडीवरून खाली आली. अनुसयाबाईंनी नातीला कडेवर घेतलं आणि त्या ओझ्यानं वाकल्याच.

"चार महिन्यांची पोर, केवढी जड वं!"

"मले बी विमानातच जड लागाले लागली," पुष्पलता म्हणाली. सगळेच हसले.

मारोतरावांनी लाडानं नातीच्या ओठाला बोट लावलं. ती खुदकन हसली. तिचं तोंड दातांनी भरलेलं होतं.

"सकाळी एकही नव्हता," पुष्पलता म्हणाली. तिच्या चेहऱ्यावरचं हसू अजून पुरतं गेलं नव्हतं.

नात आजीच्या कडेवरून सरसर खाली उतरली. तिनं पुष्पलताकडे निरखून पाहिलं, मग रिकाम्या शिडीकडे.

"आजी," तिनं गोड आवाजात विचारलं, "माही माय काहून नाही उतरून राहिली?"