आवळलेली मूठ

नंदाच्या डोक्यावर तारांची टोपी, कोपराखाली तिच्या मनावर चालणारा नवाकोरा मशीनचा हात, अन् त्या हातात लेकीची, मुक्ताची, चिमुकली बोटं. अशी गच्च धरलेली, की सुटेचनात!

चूक नंदाचीच हो. कॉम्प्युटरला शिकवताना इंजिनीअर म्हणाला होता, "ताई, मूठ आवळतेय असं मनात आणा." तिला एकच मूठ आठवली. उसाच्या चरकात हात ओढला गेला, तेव्हाची. शंभरदा तीच! मशीन बिचारं तेच शिकलं: नंदा घाबरली, की मूठ आवळायची.

"आई, सोड ना!" मुक्ता रडवेली झाली. नंदा आणखी घाबरली, मूठ आणखी आवळली.

"बंद करा हे!" ती किंचाळली.

"बंद केलं तर मूठ अशीच अडकेल, ताई! तुम्हीच शांत व्हा!" इंजिनीअरलाही घाम फुटला.

शांत कसली होतेय? लेकीचे ओठ पांढरे पडलेले!

मुक्तानं आईच्या चेहऱ्याकडं पाहिलं, डोळे पुसले, अन् चक्क हसली. "गंमत केली गं आई. दुखत नाहीये मला."

नंदाचा जीव भांड्यात पडला. मूठ उघडली.

मुक्तानं निळी पडलेली बोटं पटकन फ्रॉकमागे लपवली.