हरवलेल्या पुस्तकांचा महिना

टेबलावर आता एकच कार्ड उरलं होतं, आणि महिना संपायला एक तास.

ग्रंथपालबाई दर महिन्याला दाराजवळच्या टेबलावर एकेका विषयाची पुस्तकं मांडत. कधी पत्रं, कधी पक्षी, कधी नुसती निळ्या मुखपृष्ठांची. या महिन्यात त्यांनी पुस्तकंच मांडली नाहीत. वर्षानुवर्षं परत न आलेल्या पुस्तकांची एकतीस कार्डं ओळीनं लावली, वाचकांची नावं कागदाच्या पट्टीनं झाकली आणि वर पाटी ठेवली, ‘हरवलेली पुस्तकं’.

“बाई, दुकान थाटलंत आणि मालच नाही!” शिपाईकाका म्हणाले.

पण माल येऊ लागला. डॉक्टर वर्तमानपत्रात गुंडाळून एक पुस्तक ठेवून गेले. उशिरा येणाऱ्या पोरांना वर्गाबाहेर उभं करणारे मुख्याध्यापक एकोणीस वर्षांनी पुस्तक घेऊन उगवले, “माळ्यावर सापडलं” असं पुटपुटले आणि आल्या पावली परत गेले. बाई आणि काका पोट धरधरून हसले. पुस्तक आलं की कार्ड उचलायचं, त्या जागी पुस्तक ठेवायचं. टेबल भरत गेलं.

उरलं ते जहाजांच्या पुस्तकाचं कार्ड. पट्टीखाली बाईंच्या दादाचं नाव होतं. सव्वीस वर्षांपूर्वी वडिलांशी कडाक्याचं भांडण करून तो घराबाहेर पडला, तो पुन्हा फिरकला नाही. पत्र नाही, फोन नाही. वडील गेले तेव्हाही नाही. इथं नोकरीला लागल्यावर जुनी कार्डं चाळताना बाईंना त्याचं नाव दिसलं, आणि त्या दिवशी त्यांना काय आनंद झाला! दादानं पुस्तक सोबत नेलं होतं. म्हणजे कुठल्याशा गावी, त्याच्या घरातल्या फळीवर, या वाचनालयाचा शिक्का असलेलं ते पुस्तक असणार. अधूनमधून त्याची नजर त्यावर जात असणार. खरं तर सगळा महिना त्यांनी त्या एका कार्डासाठीच मांडला होता. टेबलाचा फोटो पेपरात छापून आला, तो दादाच्या दृष्टीस पडेल, या वेड्या आशेवर त्या रोज दाराकडे डोळे लावून बसत.

आज शेवटच्या तासाला दारात आई उभी होती. गुडघ्यांमुळे ती दोन वर्षांत इकडे आली नव्हती. धापा टाकत तिनं पिशवीतून जहाजांचं पुस्तक काढलं आणि टेबलावर ठेवलं.

“जाताना माझ्याच हातात दिलं होतं त्यानं. म्हणाला, उद्या शेवटची तारीख आहे, तेवढं परत कर.”

बाईंनी पुस्तक उघडून आतला शिक्का पाहिला. म्हणजे दादानं काहीच नेलं नव्हतं. इतकी वर्षं मनात जपलेली ती फळी रिकामीच होती. त्यांना आईचा राग आला आणि रडूही फुटलं.

“मग केलं का नाहीस परत? मला तरी सांगायचंस!”

“त्याच्या नावावर पुस्तक आहे तोवर त्याला यावं लागेल, असं वाटायचं गं. लहानपणापासून कुणाचं पुस्तक बुडवलं नाही त्यानं.” आईनं तळहातानं मुखपृष्ठ पुसलं. “पण महिनाभर बघतेय, रोज तोंड पाडून घरी येतेस. घे, जमा करून टाक. माझ्यानं आता वाट बघवत नाही.”

बाईंनी कार्ड उचललं. पट्टी सोलून काढली. आता ‘जमा’ लिहून नावावर रेघ ओढायची, की संपलं. पेन नावापाशी टेकलं आणि तिथंच राहिलं.

मग त्यांनी ते खाली ठेवलं. तारखेचा शिक्का पुढच्या महिन्यावर फिरवला, दादाच्या नावापुढं नीट उमटवला आणि पुस्तक आईच्या पिशवीत घातलं.

“मुदत वाढवून दिलीय,” डोळे पुसत त्या म्हणाल्या. “पुढच्या महिन्यात घेऊन ये, पुन्हा वाढवून देईन.”