बांधलेलं झाकण

म्हाताऱ्या कोलबोर्नसाठी हेस्टरने विलो झाडाच्या भिजवलेल्या काड्यांची शवपेटी विणली होती. झाकण तेवढं सकाळी बांधायचं ठेवलं होतं. सकाळी बघते तर ते पेटीला घट्ट विणलेलं!

"जेबेझ, मेल्या, माझ्या कामात हात घालायला कुणी सांगितलं तुला?"

"अगं ताई, मी आत्ता उठतोय!" भाऊ दारातूनच म्हणाला.

विणणारा बसतो त्याच बाजूला काड्यांची टोकं राहतात. हेस्टरने विणीवरून हात फिरवला. बाहेर एकही टोक लागेना.

"पेटी रिकामीच आहे ना गं?" जेबेझने हळूच विचारलं.

"रिकामीच. कोलबोर्नचं प्रेत अजून त्याच्या घरीच आहे."

पायथ्याशी मात्र एक काडी अजून बाहेर लोंबत होती. दोघांच्या डोळ्यांदेखत ती सावकाश आत ओढली गेली.