धीराची बाई

नवरा तापाने गेला, तरी एमिलीला रडू आलं नाही. पुणे कॅम्पातल्या बंगल्यात ती खांबाला धरून नुसती उभी राहिली आणि आया मैनाने पाठीमागून छाती-कंबर करकचून बांधणाऱ्या कॉर्सेटची दोरी आवळली. वर कंबरेखाली झगा फुगवून धरणारा पोलादी कड्यांचा पिंजरा आणि त्यावर काळा घेरदार झगा चढला.

अंत्ययात्रेला निघताना पिंजरा बग्गीच्या दारात अडकला. मैत्रिणींनी मागून ढकललं, मैनाने पुढून ओढलं, गाडीवानाने हसू लपवायला तोंड फिरवलं. एमिलीला लाजही वाटली नाही. शेवटी ती शवपेटीमागून चालतच कबरस्तानात गेली.

"डोळ्यांत टिपूस नाही. काय धीराची बाई!" पाद्री म्हणाले.

घरी आल्यावर मैनाने दोरी सोडली. एमिलीने खोल श्वास घेतला आणि तो हंबरडा होऊन बाहेर पडला.

"रडा, मडमसाहेब," मैना म्हणाली. "आता आत जागा झाली."